दुसऱ्या दिवशीचे फुगे

"हे कुणाच्या घरचं हाय?" भिक्याने विचारलं आणि शिवकन्येच्या हातातली गाळणी कपावरच थांबली.

तसं पाहिलं तर प्रश्न जुनाच. पोरगं बोलायला लागल्यापासून घरात आलेल्या प्रत्येक वस्तूला हेच विचारत आलं होतं, आणि तिच्यापाशी उत्तर तयार असायचं. दप्तर वरच्या मजल्यावरच्या पुजाकाकूच्या कोमलचं, चप्पल समोरच्या जिवनमायच्या नातवाची, स्वेटर आजीच्या गावच्या, डोंगरकड्याच्या रुख्मिणीबाईच्या घरचं. उत्तर मिळालं की पोरगं त्या वस्तूचा वास घ्यायचं, पटल्यासारखी मान डोलवायचं आणि खेळाला लागायचं. आज त्याने वास आधी घेतला. नरसिंगने पलंगावर ठेवलेल्या चकचकीत पाकिटाला नाक लावून एकदा घेतला, उलटं करून पुन्हा घेतला, आणि ओळखीचं काही सापडेना म्हणून बापाच्या तोंडाकडे पाहत राहिला. "दुकानातलं हाय राजा, नवं कोरं," नरसिंग बुटाची नाडी बांधत म्हणाला. "दुकान कुणाचं घर हाय?" नरसिंगला हसू आवरेना. "मुन्नाचं म्हन." "मंग मुन्नाकाकाच्या घरचं," पोराने स्वतःच निकाल लावला, पण मान डोलवली नाही. शिवकन्येला वाटलं, कुणीतरी पाठीमागून हळूच येऊन आपल्या खांद्यावर हात ठेवला आहे आणि तो आता उचलत नाही.

नरसिंग एसटीच्या वसमत डेपोत मेकॅनिक. माणूस सरळ, नट आवळला की गाडी चालते यावर विश्वास असलेला. जाताना दारातून म्हणाला, "आज पाच भरली बघ. आज सुटलो. सत्तर फुगे हायत त्याच्यात, पंप बी हाय, सोनेरी पट्टी हाय. म्या सहा-साडेसहाला केक घेऊनच येतो. तोवर भिंत सजवून ठेव. अन् ते तुझं चिंध्यांचं तोरण नको गं या वक्ताला. एकदा तरी लोकांच्या लेकरावानी हू दे." 'सुटलो' हा शब्द गेला महिनाभर घरात या तोंडातून त्या तोंडात फिरत होता. पुजा जिन्यातून म्हणायची, आता सुटली बाई तू. जिवनबाई ओट्यावरून म्हणायची, पाच भरली की सुटलं. बापाचं बोट धरून बालवाडीला निघालेलं पोरगं तो शब्द ऐकून उंबऱ्यावर क्षणभर थांबलं, वळून एकदा पलंगाकडे आणि एकदा आईकडे पाहून घेतलं, मग गेलं. तिला ते दिसलं, पण तिचं सगळं लक्ष त्या पाकिटावर होतं.

पाकिटावर एक कुटुंब छापलेलं होतं. गोरेपान आईबाप, मधे कागदी मुकुट घातलेलं पोरगं, तिघांचे दात एकाच मापाचे. मागे फुग्यांची कमान, कुठे एक फुगा लहान-मोठा नाही. शिवकन्येने पाकीट पालथं घातलं आणि त्याचं प्लास्टिक चरचरलं. तो आवाज तिला नको होता. सकाळपासून ती त्या आवाजाला टाळत होती, चहा करताना, केर काढताना, पलंगावरची चादर नीट न करता तशीच सोडताना. शिलाई मशीनवर बसून तिने एका ब्लाऊजच्या बाह्या लावल्या, त्या उलट्या लागल्या, उसवल्या, पुन्हा लावल्या. गल्लीच्या टोकाकडून उकडलेल्या हळदीचा वास येत होता. हे दिवसच त्या वासाचे, वसमतला फेब्रुवारी-मार्चात कपड्यांना, केसांना, भाकरीला सगळ्यालाच तो लागतो. पण पाकिटाला तो लागलेला नव्हता. त्याला कशाचाच वास नव्हता, पोराने बरोबर ओळखलं होतं. कात्री समोर होती. कात्रीने कोपरा कापायचा, एवढंच काम. दिवसाला शंभर वेळा कात्री चालवणाऱ्या बाईला जमू नये असं त्यात काही नव्हतं.

असाच चरचर वाजणारा एक संच नरसिंगने सात वर्षांपूर्वी नांदेडहून आणला होता. पहिलं बाळ सातव्या महिन्यातच गेलेलं, त्याला चेहराही धड आला नव्हता, म्हणून दुसऱ्या वेळी दिवस भरत आले तेव्हा दोघांना हर्ष मावेना. पारदर्शक पिशवी, तिला टिचबटण, आत टोपी, मोजे, दुपटं, पिवळं झबलं, सगळ्यावर बदकाची एकसारखी पिल्लं. ती दुपारी एकटी असली की बटण उघडायची, टोपी मुठीवर घालून पाहायची, पुन्हा घडी करून ठेवायची. पिशवी चरचर वाजायची आणि पोटातलं लेकरू ढुशी द्यायचं, असं तिला वाटायचं तरी. मुलगी झाली. अकरा दिवस काचेच्या पेटीत होती, दवाखान्याच्या हिरव्या फडक्यात. त्या पिशवीतलं झबलं तिच्या अंगाला एकदाही लागलं नाही. नांदेडहून परतताना एसटीत शिवकन्येच्या मांडीवर ती पिशवी होती आणि रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला ती वाजत होती. शेजारच्या सीटवरच्या बाईने कौतुकाने विचारलं, लेकराचं सामान का? ती व्हय म्हणाली. दुसरं काय म्हणणार. झबलं अंगाला लागलंच नाही म्हणजे नव्याने काही केलं नाही, हे तिला कळत होतं, बी.ए.पर्यंत शिकलेली बाई, कार्यकारणभाव म्हणतात ते तिला माहीत होतं. पण दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं, आणि तिचं तर नुसतं तोंड पोळलेलं नव्हतं.

तिसऱ्या वेळी सासू डोंगरकड्याहून आली ती नियम घेऊनच. द्वारकाबाईने पोर जन्मल्याच्या तासाभरात फर्मान काढलं: नाव भिकाजी, कागदावर काय लिहायचं ते लिहा. पाच वर्षं अंगाला नवं लावायचं नाही. पाच घरचं मागून आणायचं, तेच घालायचं, त्यातच निजवायचं. आणि आपलं म्हणायचं नाही. कुणी विचारलं, कुणाचं गं, तर सांगायचं जिवनबाईचं. समोरच्या जिवनबाईची चार लेकरं, चारही जगलेली, कुणाला साधा गोवर उलटला नाही. म्हणून पाचव्या दिवशी पोराला सुपात घालून तिच्या ओट्यावर नेऊन ठेवलं, जिवनबाईने ते मांडीवर घेतलं, माझं म्हणाली, आणि शिवकन्येने पदर पसरून, पसाभर कोंडा देऊन ते तिच्याकडून मागून आणलं. देवाची, यमाची, जो कोणी वर बसून याद्या करतो त्याची फसगत व्हावी म्हणून. कागदावर रुद्र झालं ते फक्त लस टोचायच्या कार्डापुरतं. आणि लस टोचायच्या दिवशी तर शिवकन्येचा जीव कासावीस झालेला, कारण सिस्टरने सुईचं पाकीट तिच्यासमोर फाडलं, नवं कोरं, तोच आवाज. घरी येऊन तिने रडत विचारलं, तेव्हा द्वारकाबाईने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "सुई अंगात जाती, अंगावर राहत न्हाई. चालतंय." कायद्याचं पुस्तक जणू तिच्या कनवटीलाच होतं.

असं ते वाढलं. दुसऱ्याच्या चड्डीत, दुसऱ्याच्या चपलेत, मुलीच्या गुलाबी दप्तरासकट. वाढदिवससुद्धा झाले, का नाही व्हायचे? कुणाच्या ना कुणाच्या घरी आधीच्या आठवड्यात वाढदिवस असायचाच, मग शिवकन्या दुसऱ्या दिवशी जाऊन भिंतीवरचे फुगे मागून आणायची. हवा अर्धी गेलेले, गाठीजवळ सुरकुतलेले, हातात घेतले तर आजीच्या दंडासारखे मऊ. पोराला फुगा म्हणजे तोच माहीत. मागल्या वर्षी कोमलच्या वाढदिवसाला पुजाने त्याच्या हातात ताजा, टच्च फुगलेला फुगा दिला तर ते घाबरून म्हणालं, "हा काहून एवढा कडक हाय?" आणि परत देऊन टाकला. सगळे हसले होते. शिवकन्याही हसली होती, आणि मग जिन्यात उभी राहून उगाचच पदराने तोंड पुसत राहिली होती. त्या मऊ फुग्यांच्या वर ती आपलं तोरण बांधायची, गिऱ्हाइकांच्या ब्लाऊजच्या उरलेल्या तुकड्यांचं, तिकोनी कापून दोरीवर शिवलेलं. हिरवं काठाचं, जांभळं खणाचं, मोरपंखी. पोरगं बोट ठेवून पाढ्यासारखं म्हणायचं, ही पुजाकाकूच्या घरची, ही जिवनमायच्या घरची, ही बँकवाल्या बाईच्या घरची. येणारेजाणारे वाखाणायचे. काय कला आहे हातात, लोक दुकानातून आणतात, तू सगळं घरी करतेस, लेकराचं नशीब. तिला ते कौतुक चोरीच्या मालासारखं वाटायचं. तिच्या हातात कला असेलही, पण ते तोरण कलेने शिवलेलं नव्हतं, एकेक टाका भीतीने घातलेला होता. ज्या बायका दुकानातून पाकीट आणून कात्रीने फाडतात आणि टीव्ही बघत फुगे फुगवतात, त्यांचा तिला इतका हेवा वाटायचा की कधीकधी त्यांच्या ब्लाऊजचं माप घेताना टेप जरा जास्तच आवळला जायचा.

यंदाही पुजाने आणून दिलेले सोळा मऊ फुगे कपाटावर होते. चार दिवसांपूर्वी कोमलचा वाढदिवस झाला तेव्हाचे. एकीकडे ते, त्यांच्याबरोबर डब्यात तुकडे. दुसरीकडे पाकीट. तिने संध्याकाळी सातची वेळ सगळ्यांना सांगितली होती ती विचार करूनच, कारण पोर जन्मलं संध्याकाळी सहा पन्नासला, आणि सहा पन्नासला पाच वर्षं पुरी झाली की दहा मिनिटांनी काय वाटेल ते करा. पण ज्याने कुणी हा हिशेब मांडला त्याने भिंत सजवायला वेळ लागतो हे धरलंच नव्हतं. फुगे सातला लावून होत नाहीत, पाचलाच बसावं लागतं. म्हणजे पाकीट मुदतीच्या आत फोडायचं. दीड-दोन तासांनी काय बिघडतं, असं मन म्हणायचं, आणि दुसरं मन लगेच उलटून यायचं, पाच वर्षं सांभाळलंस आणि दीड तास सांभाळवेना? परीक्षेत शेवटच्या पानावर शाई सांडावी तसं. मग तिला वाटायचं, मऊ फुगेच लावावेत. मग नरसिंगचं सकाळचं तोंड आठवायचं, लोकांच्या लेकरावानी म्हणतानाचं. एवढा मोठा माणूस बोलताना ओशाळला होता. पाच वर्षं तो एक शब्द बोलला नव्हता, मागून आणलेल्या अंगड्यातलं आपलं पोर खांद्यावर घेऊन फिरला होता.

बारा वाजता पोरगं बालवाडीतून आलं. जेवायला बसलं ते दप्तर पाठीवर ठेवूनच. "काढ की रे ते." "राहू दे." "भात सांडतो त्याच्यावर." "न्हाई सांडत." दप्तर नेहमीपेक्षा फुगलेलं होतं. आत काय भरलंय म्हणून तिने हात लावला तर ते अंग चोरून भिंतीशी सरकलं. डाळभाताचा घास घेता घेता मधेच म्हणालं, "जिवनमायच्या घरी कढी करतेत का?" "करत असत्याल की." "मला वरणच आवडतं," ते म्हणालं आणि ताटातलं वरण बोटाने पुसून पुसून खाल्लं. तिला वाटलं, पोर चाळवलंय, वाढदिवसाचं वारं डोक्यात गेलंय. ते ओट्यावर जाऊन बसलं, दप्तरासकट, आणि तिने फोन लावला.

"आत्याबाई, पाच वर्षं आज पुरी व्हत्यात का उद्या धरायची?"

"काहून गं? काय झालं? लेकरू बरं हाय ना?" पलीकडे कोंबड्यांचा कलकलाट होता.

"बरं हाय. फुगे लावायचेत. नवे, दुकानातले. जलम सहा पन्नासचा. त्याच्या आंधी लावले तर चालतंय का?"

पलीकडे कोंबड्या हाकलल्याचा आवाज आला. मग द्वारकाबाई खाकरली. "लाव की. आता काय उरलंय त्याचं."

"म्हंजी?"

"तुला सांगू का नको, सांगू का नको म्हनून राहिले व्हते. आता पाच भरली तर सांगते. ते स्वेटर हाय ना, निळं. ते रुख्मिणीच्या घरचं न्हाई. त्या साली थंडी किती पडली व्हती. लेकरू कुडकुडून राहिलं अन् कुणाच्याच घरी त्याच्या मापाचं सापडंना. मी नरसीला गेल्ते देवाला, तिथंच वाटंवरच्या दुकानातून घेतलं. नवंच. दोन डाव धुतलं, चुलीवर टांगलं, चांगला धूर लागू दिला अन् मंग आनलं. तुला कळलं आसतं तर तू नाल्यात फेकलं आसतंस."

शिवकन्येने फोन या कानाचा त्या कानाला घेतला.

"तीन वर्षं झाली. दोन हिवाळे घातलं त्यानं. झालं का काई?" सासूचा आवाज उतरला. "मी तरी काय करू माय. नियम मीच केला व्हता, पर थंडी वाजताना बघवंना."

फोन ठेवल्यावर तिला आधी राग आला, मग भीती वाटली, मग दोन्ही एकदम. दोन हिवाळे ते पोर नव्या स्वेटरात निजलं होतं आणि ती उशाशी बसून समाधानाने म्हणायची, रुख्मिणीबाईच्या चुलीचा वास येतो. त्या हिवाळ्यांत ते आजारी पडलं होतं का? तिने आठवून आठवून पाहिलं. साधा खोकला झाला नव्हता. दुसऱ्या कुणाला या बातमीने हायसं वाटलं असतं. तिच्या मात्र पायाखालची फरशी सरकली. कारण इतकी वर्षं तिला वाटत होतं की सौदा झालेला आहे. आपण लाज सोडून दारोदार मागायचं, आणि तिकडून पोर राखलं जायचं. आपली बाजू आपण चोख पाळतो आहोत, म्हणून ते जिवंत आहे. आता सौदाच नव्हता म्हटल्यावर ते जिवंत होतं कशाच्या जोरावर? कशाच्याच नाही. नुसतंच जगलं होतं, जशी ती मुलगी नुसतीच गेली होती. पिशवीने मारलं नव्हतं आणि मागून आणलेल्या चड्डीने तारलं नव्हतं, आणि असं असेल तर सहा पन्नासनंतरही काही संपत नव्हतं. सुटलो सुटलो म्हणतात ते कशातून? मन चिंती ते वैरी न चिंती. ती उठली, बसली, पाणी प्यायली, तोरणाला घेतलेले तुकडे डब्यात टाकले, पुन्हा काढले. मशीनच्या चाकावर हात ठेवला तर चाक उलटं फिरलं आणि दोरा तुटला. चार वाजले, पाच वाजले, साडेपाच. ओट्यावरचं पोर एकदा आत येऊन घड्याळाकडे बघून गेलं. त्याला घड्याळ कळत नव्हतं, तरी बघून गेलं.

शेवटी तिने पाकीट पदराखाली घेतलं आणि समोर जिवनबाईकडे गेली. आपल्या ओट्यावर पोर नव्हतं; पुजाच्या जिन्यात कोमलबरोबर त्याचा आवाज आला. काय करायला निघालो आहोत हे तिला नीट ठाऊक होतं आणि त्याची लाजही वाटत होती. पाकीट जिवनबाईच्या मांडीवर ठेवायचं आणि मग पदर पसरून मागून घ्यायचं. मागून आणलं की झालं. सौदा नाही म्हणून कळलं तरी पाय त्याच वाटेने चालले होते, बैलाचे कासरा सोडला तरी चालतात तसे. जिवनबाई दारात तूरडाळ पाखडत होती. हेच ते सूप असेल का, असा एक विचार शिवकन्येच्या डोक्यात येऊन गेला. तिने पाकीट पुढे केलं आणि कसंबसं सांगितलं. म्हातारीने सूप बाजूला ठेवलं, हात झटकले, पाकिटावरच्या दात काढलेल्या कुटुंबाकडे बराच वेळ पाहिलं.

"देते की," ती म्हणाली. "तू मागशील तर मी कवा न्हाई म्हनले? पर पोरी, एक बोलू का? आता बस कर. लेकराला समजाया लागलं."

"काय समजाया लागलं, मावशी?"

"परवा आलं व्हतं माझ्याकडं. दप्तर घेऊन. म्हनलं, जिवनमाय, मी तुमच्या घरी कुठं निजू?" जिवनबाई हसायला गेली, पण तोंडातलं हसू तोंडातच राहिलं. "मला वाटलं, खेळून राहिलं. मी बी आपली जागा दावली, कपाटाच्या बाजूला. तर म्हनतं कसं, तिथं उंदीर हायत का? अन् मला आईकडं यायचं आसलं तर दिवसा येऊ का? मंग मी इचारलं, अरे तू काहून इथं निजतूस? तर म्हनलं, पाच वर्षं झाली की सुटलं ना. मी तुमच्या घरचा हाय ना. मंग मला परत द्यायचंय."

शिवकन्या तिथेच ओट्याच्या कडेला बसली.

"तवाच सांगायला पायजे व्हतं तुला," जिवनबाई म्हणाली. "पर घरी जाऊन इसरलं आसंल म्हनून राहू दिलं. रडलं बिडलं न्हाई गं. जागा बघून घेतली अन् गेलं."

रडलं नाही, हेच तिच्या काळजात घुसलं. परत द्यायच्या वस्तूसारखं ते मुकाट्याने तयार झालं होतं. कढी करतात का विचारून घेतलं, शेवटचं म्हणून वरण पुसून खाल्लं, घड्याळ बघून आलं. तिला एकामागून एक दिसायला लागलं, गेल्या महिन्याभरातलं. कोमलला आपल्या गोट्या देऊन टाकणं. झोपताना तिच्या पोटाशी यायचं सोडून बापाच्या पलीकडे जाऊन निजणं. ती म्हणाली होती, मोठं झालं. बाजारात कुणीतरी गाल धरून विचारलं, कुणाचा रे तू, तेव्हा तिच्याआधी त्यानेच उत्तर दिलं होतं, जिवनमायच्या घरचा, आणि तिने मनातल्या मनात शाबासकी दिली होती. वर बसलेल्याला फसवता फसवता एकच माणूस पुरता फसला होता, आणि ते माणूस साडेतीन फुटांचं होतं. तिने जिवनबाईच्या मांडीवरचं पाकीट उचललं. मागितलं नाही, पदर पसरला नाही, नुसतं उचललं. "येते मावशी," म्हणाली, "सातला या."

घरी आली तर ते दाराच्या आत भिंतीला टेकून उभं होतं. पाठीला दप्तर, पायात चप्पल. दप्तराच्या अर्धवट उघड्या तोंडातून निळ्या स्वेटरची बाही आणि एक सुरकुतलेला पिवळा फुगा बाहेर डोकावत होता. कपाटावरच्या सोळातला एक त्याने आपल्याबरोबर न्यायला घेतला होता. आता आखूड झालेलं ते स्वेटर कशाला हवं होतं, हे तिने विचारलं नाही. ती खाली फरशीवर बसली. कात्री मशीनवर होती, तिच्यासाठी उठायचा धीर नव्हता, म्हणून दोरा तोडावा तसा पाकिटाचा कोपरा दातांनी तोडला. प्लास्टिक चरचरलं. मांडीवरून फुगे फरशीवर सांडले, सपाट, पावडर लागलेले, अजून कुणाच्याच तोंडाला न लागलेले. उचलायला गेली तर ते पुन्हा हातातून निसटत होते. ते पोराला दिसत होतं, आणि दिसू नये असं तिला वाटलं नाही.

"हे कुणाच्या घरचं?" त्याने लांबूनच विचारलं.

"आपल्या."

त्याने जरा विचार केला. "मुन्नाकाकाच्या न्हाई?"

"न्हाई. आपल्या घरचं."

"मंग मी कवा जाऊ?" ते म्हणालं. "केक खाऊन जाऊ का?"

तिने घड्याळाकडे पाहिलं. पाहू नये असं ठरवूनही पाहिलं. सहा वाजून दहा मिनिटं झाली होती, चाळीस मिनिटं अजून बाकी होती. पाच वर्षांत जो शब्द तिने एकदाही उच्चारला नव्हता, झोपेतसुद्धा नाही, अंगाई म्हणतानासुद्धा नाही, तो आता म्हणायचा होता. थांब, चाळीस मिनिटं थांब, मग म्हण, कोण अडवतंय, असं कुणीतरी आतून सांगत होतं. चाळीस मिनिटं पोर दप्तर पाठीला लावून उभं राहिलं असतं. ते काही बोललं नसतं.

"तू माझा हायस," ती म्हणाली. ते तिचं तिलाच ऐकू आलं, म्हणून पुन्हा म्हणाली, मोठ्याने, वर पुजाला ऐकू जाईल इतक्या. "माझा. माझ्या पोटचा. कुणाच्या घरचा न्हाई. तुला कुणाला द्यायचं न्हाई, आज न्हाई, उद्या न्हाई, कवाच न्हाई."

काही झालं नाही. छत पडलं नाही, दिवा विझला नाही. तिचं काळीज मात्र एसटी खड्ड्यातून जावी तसं उडत होतं, आणि हे आता जन्मभर असंच उडणार, हेही तिला त्याच क्षणी कळलं. भीती कुठे गेली नव्हती. फक्त ती आता पोराच्या अंगावर नव्हती, तिची तिच्यापाशी होती.

पंप पाकिटातच राहिला. तिने एक लाल फुगा उचलला आणि तोंडाने फुगवला, पाच-सहा दमांत, डोळ्यांपुढे काजवे चमकेपर्यंत, आणि गाठ मारून त्याच्यापुढे धरला. तो दोन पावलं पुढे आला. बोटाने दाबून पाहिलं.

"कडक हाय."

"नवा हाय ना."

"उद्या मऊ व्हईल?"

"व्हईल."

"मंग मऊ झाल्यावर बी आपलाच का?"

"मऊ झाल्यावर बी," ती म्हणाली.

त्याने फुगा दोन्ही हातांनी धरला, नाकाशी नेला आणि वास घेतला. बराच वेळ घेतला. मग तिच्या तोंडाजवळ येऊन तिचा वास घेतला आणि पुन्हा फुग्याचा. त्याने मान डोलवली. खाली बसताना त्याने दप्तराचा एक पट्टा खांद्यावरून काढला. दुसरा तसाच राहू दिला. तिने तो काढायला हात पुढे केला नाही, दुसरा फुगा उचलला आणि फुगवायला लागली.